धानपट्ट्यातील माती आणि जिउ-जित्सूची मॅट

पूर्व विदर्भात कुस्तीचे वेळापत्रक धानाने ठरवले. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधी वैनगंगेच्या खोऱ्यातला हा तलावांचा आणि भाताचा मुलूख एकच होता, आणि रीतीभातींपुरता तो अजूनही एकच आहे. पावसाळ्यात रोवणी, मग निंदण, दिवाळीच्या सुमारास हलक्या धानाची कापणी. या महिन्यांत अंगात बळ असलेला प्रत्येक माणूस बांधीत हवा असतो. भाऊबीजेपासून मात्र गावोगावी मंडई भरू लागते. दुकाने लागतात, पाहुणे येतात, सोयरिकीची बोलणी होतात, रात्री दंडार किंवा खडी गंमत ही लोकनाट्ये रंगतात. याच दिवसांत या भागातील अनेक गावांत आमदंगल होते, म्हणजे कोणालाही उतरता येईल अशी खुली कुस्ती.

दंगलीची रीत साधी असते. मैदानाच्या मधोमध माती खणून, चाळून भुसभुशीत केली जाते. लंगोट लावलेला पहेलवान कडेने फेरी मारतो, मांडीवर शड्डू ठोकतो. आव्हान घेणारा पुढे आला की पंच दोघांना शेजारी उभे करून अंगकाठी पाहतात. वजनकाटा नसतो, जोड नजरेने ठरते. इनामाचा आकडा पुकारला जातो, दोघे एकमेकांच्या अंगाला माती लावतात आणि हात मिळवतात. पाठ मातीला टेकली, आभाळ दिसले, की निकाल लागला. बराच वेळ कोणीच चीत झाला नाही तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात.

इनाम देणारा कोण, हे काळाप्रमाणे बदलत गेले. हा भाग मध्य प्रांतात होता तेव्हा गावचा मालगुजार उत्सवाचा मुख्य देणगीदार असे. १९५१ साली मालगुजारी संपली आणि तलावांपासून मंडईपर्यंतची बरीच जबाबदारी ग्रामपंचायती, वर्गणीदार आणि स्थानिक पुढाऱ्यांवर आली. रेल्वेने पहेलवानांची ये-जा सोपी केली. १८८०च्या दशकात नागपूरहून पूर्वेकडे लोहमार्ग गेला, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून बालाघाट आणि नैनपूरमार्गे जबलपूरला अरुंद मापाचा रूळ पोहोचला, आणि गोंदिया जंक्शन झाले.

दंगलीत जे दिसते ते मल्लविद्येचे एक अंग आहे, सगळी विद्या नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मल्लविनोद’ हे प्रकरण आहे. त्यात मल्लांची वर्गवारी, त्यांचा आहार आणि सरावाची पद्धत दिली आहे: ओझे उचलणे, चालणे, पोहणे, हाताने हात रेटणे, आणि खांबावरचा व्यायाम. मल्लखांबाची मुळे अभ्यासक या शेवटच्या व्यायामात शोधतात. आखाड्यांच्या परंपरेत मल्लयुद्धाचे चार प्रकार सांगितले जातात. भीमसेनीत ताकदीवर भर, हनुमंतीत डावपेचांवर. जांबुवंतीत प्रतिस्पर्ध्याला पेचात अडकवून हार मानायला लावायचे, आणि जरासंधीत सांधे-अवयव मोडायचे. गावच्या दंगलीत पहिले दोन प्रकार उरले. पाठ टेकताच कुस्ती सुटत असेल, तर पाठीवर पडलेल्या माणसाला अडकवण्याची कला शिकून उपयोग काय? शिवाय दुसऱ्या दिवशी दोघांनाही धानाच्या चुरणीला जायचे असे. हात मोडलेला गडी कोणालाच परवडणारा नव्हता. नियमाने विद्येचा एक हिस्सा जपला आणि दुसरा निकामी केला, असे म्हटले तर ते खरेच आहे.

शिकवण्याची पद्धतही या नियमाभोवती बेतलेली होती. हनुमानाच्या देवळाजवळ आखाडा, पहाटे जोर-बैठका, मग माती उकरणे आणि लढत. मातीत हळद, तेल, ताक, लिंबू घालून ती मऊ आणि निर्जंतुक ठेवत. उस्ताद एकेक डाव पट्ठ्याच्या अंगावर करून दाखवे: ढाक, कलाजंग, धोबीपछाड, एकलंगी, आणि खाली आल्यावर घिस्सा, मोळी, सवारी. शिक्षणाला मुदत नव्हती, परीक्षा नव्हती. कोणती जोड कधी घ्यायची हे उस्तादच ठरवी. फीही नसे. गुरुपौर्णिमेला नारळ आणि नागपंचमीला आखाड्याची पूजा, एवढ्यावर ही व्यवस्था चाले.

विदर्भात या व्यवस्थेला अभ्यासक्रमाचे रूप दिले ते अमरावतीने. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली तिथे हनुमान आखाडा सुरू केला. तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशभर ओळखला गेला. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम, भाला, योगासने हे सगळे ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या तासांत शिकवायचे, उन्हाळी वर्ग भरवायचे आणि शिकलेल्याला प्रमाणपत्र द्यायचे, ही कल्पना त्या काळात मोठ्या धाडसाची होती. क्रांतिकारक शिवराम हरी राजगुरू यांनी इथेच व्यायामाचे शिक्षण घेतले. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे मल्लखांब, कबड्डी आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. इथून तयार झालेले व्यायामशिक्षक विदर्भातील शाळांमध्ये गेले. गावच्या उस्तादाकडे जे गुरुपरंपरेने येई, ते या शिक्षकाकडे पाठ्यक्रमाने आले. या बदलाचे महत्त्व पुरेसे सांगितले जात नाही. पुढे मॅट, ज्युदो किंवा जिउ-जित्सू यांपैकी काहीही शाळकरी मुलांपर्यंत पोहोचायचे, तर वाट या शिक्षकांनी घडवलेल्या मैदानावरूनच जात होती.

माती सोडून मॅटवर जाणे मराठी मल्लांना सोपे गेले नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा गादीवरच्या कुस्तीची त्यांना सवय नव्हती; तरी त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. १९५२ला हेलसिंकीसाठी पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९५३मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली, १९६१पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली. त्याच वर्षी पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था उघडली आणि प्रशिक्षक हा पदविका घेऊन करायचा व्यवसाय झाला. वजनगट, ठरलेला वेळ आणि गुणफलक आल्यावर निव्वळ चितपटीची सत्ता संपली. गुणांवर जिंकता येऊ लागले.

त्याच्या बऱ्याच आधीपासून जमिनीवरच्या झुंजीची दुसरी परंपरा जगाच्या दुसऱ्या टोकाला वाढत होती. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत कोदोकान स्थापन करून जुन्या जपानी जुजुत्सूतून ज्युदो घडवला. त्यांच्या संस्थेतला मित्सुयो माएदा देशोदेशी लढती करत १९१४ साली ब्राझीलला पोहोचला आणि बेलेममध्ये राहू लागला. तिथे त्याच्याकडे शिकलेल्या कार्लोस ग्रेसी याने १९२५मध्ये रिओ दि जानेरोत शाळा काढली. त्याचा धाकटा भाऊ एलिओ अंगाने किरकोळ होता, म्हणून पाठीवर पडून, पायांत प्रतिस्पर्ध्याला अडकवून लढण्याचे तंत्र या घराण्यात विशेष विकसित झाले; तेच ब्राझिलियन जिउ-जित्सू. भारतातही ज्युदो लवकर आला होता: रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून १९२९ साली शिन्झो ताकागाकी शांतिनिकेतनात आले आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकवू लागले. मुलींना मातीत पाऊल ठेवू न देणाऱ्या आखाड्यांच्या काळात ही गोष्ट फार पुढची होती.

२३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना मैदानावर जपानचा मासाहिको किमुरा एलिओ ग्रेसीशी लढला. त्याने एलिओचा हात कोपरात दुमडून पाठीकडे फिरवला. एलिओ हार मानेना, तेव्हा कोपऱ्यातून टॉवेल फेकून लढत थांबवण्यात आली. ब्राझीलच्या लोकांनी त्या पेचाला विजेत्याचेच नाव दिले, आणि तो पेच आजही ‘किमुरा’ म्हणून शिकवला जातो. त्याच पेचाची किंमत आखाड्याच्या जगालाही मोजावी लागली. डिसेंबर १९७६मध्ये कराचीत गामा पहेलवानाच्या घराण्यातला अक्रम जपानच्या अंतोनियो इनोकीशी लढला. इनोकीने त्याचा हात अशाच पेचात धरला. हाताने थोपटून हार कबूल करण्याची सवय आखाड्यात नव्हती. अक्रमने ती कबूल केली नाही आणि त्याचा हात निखळला. जांबुवंती आणि जरासंधी यांत अंतर किती कमी आहे, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल. प्रतिस्पर्ध्याने थोपटताच पकड सोडायची, हा ब्राझिलियन जिउ-जित्सूचा शिस्तीचा पाया आहे. त्यामुळेच हा पेच दररोज, पूर्ण जोराने, सहसा दुखापत न होता सरावता येतो.

स्पर्धेचे नियम उशिरा पक्के झाले. पहिली जागतिक स्पर्धा १९९६ साली रिओत झाली. पट्ट्यांचा क्रम पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा असा असून काळा पट्टा वयाच्या १९व्या वर्षाआधी मिळत नाही, आणि बहुतेकांना तिथे पोहोचायला दशकभर लागते. पांढऱ्या पट्ट्याच्या प्रौढांची लढत ५ मिनिटांची, काळ्याची १० मिनिटांची. पाडल्यास २ गुण, खालून उलटवल्यास २, पायांची अडवणूक ओलांडून बाजूला आल्यास ३, छातीवर स्वार झाल्यास किंवा पाठीवर चढून दोन्ही पाय आत घातल्यास ४. गळपेच किंवा सांधपेचाने हार मानवली तर गुण मोजायची गरजच राहत नाही. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत जु-जित्सू पहिल्यांदा आले, आणि २०२३मध्ये हांगझोऊला झालेल्या स्पर्धांत भारतीय खेळाडूही उतरले.

महाराष्ट्रात हा खेळ मुंबई-पुण्यासारख्या शहरांतून वाढला. गोंदियाच्या मुलांना त्याच्या सर्वांत जवळची शालेय वाट कुस्ती आणि ज्युदोची आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या स्पर्धा आधी तालुका आणि जिल्हा पातळीवर, मग नागपूर विभागात आणि शेवटी राज्यात होतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी असलेल्या ५ टक्के आरक्षणामुळे या पायऱ्यांना घरच्यांच्या दृष्टीनेही वजन आहे.

मातीत वाढलेला मुलगा जिउ-जित्सूच्या मॅटवर आला की त्याचे पाडण्याचे डाव लगेच उपयोगी पडतात. ढाक किंवा एकलंगी बसली की २ गुण जमा. सवारीत पायाने पाय अडकवून वर बसण्याची सवयही पाठीवरच्या पकडीत कामाला येते. अडचण खाली गेल्यावर सुरू होते. कुस्तीत खाली आलेला मल्ल हात-गुडघे टेकून, पोट मातीकडे ठेवून पाठ वाचवतो, कारण चीत होणे म्हणजे हरणे. मॅटवर तीच बैठक प्रतिस्पर्ध्याला पाठ उघडी करून देते: तो वर चढतो, दोन्ही पाय मांड्यांच्या आत घालून ४ गुण घेतो आणि हात हनुवटीखाली सरकवतो. म्हणून आखाड्यातून आलेल्या पट्ठ्याला प्रशिक्षक पहिले काही महिने एकच गोष्ट घोटवून घेतात: दबाव आला की वळून पाठ जमिनीला लावायची, गुडघे छातीशी आणायचे, दोन्ही तळपाय प्रतिस्पर्ध्याच्या कमरेवर ठेवायचे आणि तिथून लढायचे.