धारवाडची मुलं कुणाच्या मापाने मोजायची?

मानसशास्त्राच्या वर्गात फ्रॉइड सगळ्यांना हवा असतो. 'संशोधन पद्धती' हा पेपर मात्र कुणालाच नको असतो. नमुना निवड, प्रमाणीकरण, मानके हे शब्द पाठ करायचे आणि परीक्षेनंतर विसरायचे. मला या पेपरची गोडी लागली ती एका जुन्या चाचणीच्या इतिहासामुळे. तिचं नाव बिने-कामत चाचणी.

सुरुवात पॅरिसची. शाळेत मागे पडणाऱ्या कुठल्या मुलांना वेगळ्या मदतीची गरज आहे, हे ओळखण्यासाठी आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली ३० प्रश्नांची चाचणी तयार केली. १९०८ मध्ये त्यांनी प्रश्न वयानुसार लावले. एखादं काम सात वर्षांच्या बहुतेक मुलांना जमतं, म्हणून ते सात वर्षांचं काम. म्हणजे मूल हुशार की मागे, हे एकट्या मुलाकडे बघून ठरतच नाही. ते ठरतं त्याच्या वयाच्या इतर मुलांशी तुलना करून. आणि ही 'इतर मुलं' कोण, हाच खरा प्रश्न.

१९१६ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन यांनी ही चाचणी अमेरिकन मुलांवर नव्याने बसवली. पुढे ती जगभर गेली. आपल्याकडे ती नुसती भाषांतर करून वापरता आली असती. पण बिनेच्या प्रश्नांत फ्रेंच नाणी होती. आपल्या पोराला आणे-पैसे ठाऊक. नाणी बदलणं सोपं. अवघड गोष्ट पुढे होती: कॅलिफोर्नियात जे काम आठव्या वर्षी जमतं, ते इथेही आठव्याच वर्षी जमतं, असं कशावरून?

व्ही. व्ही. कामत यांनी हे गृहीत न धरता तपासलं. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाड भागात त्यांनी मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांची चाचणी घेतली आणि कुठला प्रश्न कुठल्या वयाचा, हे त्यांच्या उत्तरांवरून ठरवलं. हे काम १९३४ मध्ये प्रसिद्ध झालं आणि १९४० मध्ये 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन' हे पुस्तक आलं. प्रमाणीकरण म्हणतात ते हेच. परक्या मुलांच्या मापाने आपली मुलं मोजायची नाहीत.

मी रोडपालीत राहते. इथे मूळ आगरी गाव आहे, सिडकोच्या सेक्टरांमधले टॉवर आहेत, शेजारी कळंबोलीचं स्टील मार्केट आणि पुढे तळोज्याची एमआयडीसी. समजा, इथल्या आठ वर्षांच्या मुलांची शब्दसंपत्ती मोजायची आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकला तर संध्याकाळपर्यंत वीस मुलं मिळतील. पण ती टॉवरमधली, बहुधा इंग्रजी माध्यमातली. घरी आगरी बोलणारी पोरगी त्यात नसेल. ट्रकवर काम करणाऱ्या बापाचा, घरी भोजपुरी बोलणारा मुलगाही नसेल. त्या वीस जणांची सरासरी काढून तिला 'रोडपालीची मुलं' असं नाव दिलं, तर उरलेली मुलं आपोआप 'कमी' ठरतील. गणित अचूक असेल, निष्कर्ष चुकीचा.

मानके एकदा ठरवली की काम संपतं असंही नाही. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की अमेरिकेत बुद्धिगुणांक दर दहा वर्षांनी साधारण ३ गुणांनी वाढत आला होता. जिथे अशी वाढ होते, तिथे जुन्या मानकांवर आजचं मूल आहे त्यापेक्षा वर दिसतं. बिने-कामत चाचणी महाराष्ट्र-कर्नाटकात पुढे कित्येक दशकं वापरली गेली, बौद्धिक अपंगत्वाच्या तपासणीतसुद्धा. तिथे हा आकडा नुसता आकडा राहत नाही. प्रमाणपत्र, सवलत, शाळेत मिळणारी मदत त्याला जोडलेली असते. मदतीची गरज असलेलं मूल जुन्या मापामुळे कागदावर दोन-चार गुणांनी वर गेलं, तर त्याच्या आईला रिकाम्या हाताने परतावं लागतं.

म्हणून पुढच्या वेळी 'संशोधन सांगतं' अशी बातमी फोनवर आली, की शेअर करण्याआधी एवढं बघा: कुणाला विचारलं होतं, कधी, कुठल्या भाषेत? आणि कोण राहून गेलं? धारवाडच्या त्या मुलांपाशी जाऊन कामतांनी जे विचारलं, ते रोडपालीच्या मुलांसाठी कुणीतरी आज पुन्हा विचारायला हवं.