टाकलेलं पोर

आमच्या घरात एक गोष्ट दबक्या आवाजात सांगायचे. पणजोबा तीन वर्षांचे असताना त्यांची आई त्यांना दुसऱ्या गावी मामाकडे ठेवून गेली ती परत आलीच नाही. 'टाकलेलं पोर' हे त्यांनी जन्मभर ऐकलं. त्यांची मुलगी, म्हणजे माझी आजी, आज ८७ वर्षांची आहे. तिलाही ते सलतं.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली. राज्यं बदलली, पण चर्चच्या वह्या लिहायची पद्धत टिकली. बाप्तिस्मा आणि लग्नं नोंदवायचा नियम १५६३ च्या ट्रेंट परिषदेचा. मृत्यूची वही १६१४ पासून सक्तीची झाली.

शोध कुठून सुरू करायचा? माझ्या अनुभवाने सांगते, लग्नाच्या वहीपासून. फादरांची परवानगी काढून मी पणजोबांच्या लग्नाची नोंद पाहिली. वर्ष १९३६. त्यात त्यांचा बाप्तिस्मा कुठल्या चर्चमध्ये झाला तेही लिहिलं होतं. त्या चर्चमध्ये गेले. १९१५ च्या वहीत लॅटिनमधल्या दोन ओळी: आईबापांची नावं, धर्ममातापित्यांची नावं. समासात वेगळ्या शाईने त्यांच्या लग्नाची तारीख. म्हणजे माणूस नक्की तोच.

मग मृत्यूची वही मागितली. ऑक्टोबर १९१८ ची पानं संपता संपत नव्हती. एरवी महिनाभरात जेवढ्या नोंदी, तेवढ्या दोन दिवसांत. इन्फ्लुएन्झाची ती दुसरी लाट. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली. एका पानावर खापरपणजीचं नाव सापडलं. वय २४. चार दिवसांनी तिच्या तान्ह्या मुलीचं. आणि शेवटी 'सेपुल्ता' : इथेच पुरली.

तिने पोराला टाकलं नव्हतं. घरात आजार शिरला तेव्हा एकाला तरी बाहेर काढलं असावं. हा माझा अंदाज, वही एवढं सांगत नाही. ती मेली, एवढंच सांगते.

कबर मात्र सापडली नाही. आमच्याकडे कायमच्या कबरी थोड्याच. बाकीच्या जागी काही वर्षांनी दुसऱ्याला पुरतात. दगडावर विसंबले असते तर हाती काहीच लागलं नसतं.

आजीला वहीच्या पानाचा फोटो दाखवला. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, नावावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बाबांना हे कळायला हवं होतं गं."

२ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, तिला त्या गावच्या दफनभूमीत घेऊन गेले. मधल्या क्रुसापाशी तिने दोन मेणबत्त्या लावल्या. एक मोठी, एक लहान.