बनावट ओळखपत्र व अल्पवयीन व्यक्ती

वयाची अट असलेली वस्तू, सेवा किंवा प्रवेश मिळवण्यासाठी खोट्या जन्मतारखेचे, फेरफार केलेले अथवा दुसऱ्याच्या नावाचे ओळखपत्र वापरणे हा भारतात फौजदारी गुन्हा ठरू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३७ नुसार आधारकार्ड, मतदार ओळखपत्र यांसारखा शासनाने दिलेला ओळखीचा दस्तऐवज बनावट तयार केल्यास सात वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा आहे. इलेक्ट्रॉनिक अभिलेखही या कलमात मोडत असल्याने मोबाइलमधील आधारकार्डाच्या प्रतिमेत जन्मवर्षाचा एक अंक बदलणेही बनावटीकरण ठरू शकते. असा दस्तऐवज बनावट असल्याचे ठाऊक असूनही जो तो अप्रामाणिकपणे खरा म्हणून वापरतो, त्यास कलम ३४० नुसार तो स्वतः तयार केल्याप्रमाणेच शिक्षा होते. थोरल्या भावाचे खरे ओळखपत्र आपलेच म्हणून दाखवून फसवणूक केल्यास ती तोतयेगिरी होते व कलम ३१९ नुसार तिला पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

आरोपी १८ वर्षांखालील असल्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू होतो. अशा मुलास, म्हणजे विधिसंघर्षग्रस्त बालकास, कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे एक दंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते यांच्या पीठापुढे, हजर करावे लागते. मंडळ समज देणे, समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, परिवीक्षा किंवा फार तर तीन वर्षे विशेष गृहात ठेवणे असे आदेश देऊ शकते. बालकाची ओळख उघड करण्यास मनाई असून अशा प्रकरणातील दोषसिद्धीमुळे पुढील आयुष्यात कोणतीही अपात्रता येत नाही. याउलट बालकास मद्य देणाऱ्या प्रौढास याच अधिनियमाच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

हे संरक्षण अठराव्या वाढदिवशी संपते, मात्र मद्यासाठीची वयोमर्यादा त्यानंतरही कायम राहते. महाराष्ट्रात बिअर व वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. त्यामुळे परमिट रूममध्ये खोटे ओळखपत्र दाखवणारा १९ वर्षांचा विद्यार्थी मद्यसेवनासाठी अपात्र, पण फौजदारी कायद्याच्या दृष्टीने पूर्ण प्रौढ असतो आणि त्याच्यावरील खटला सर्वसाधारण न्यायालयात चालतो. असा खटला प्रलंबित असताना पारपत्र नाकारले जाऊ शकते व शासकीय नोकरीपूर्वीच्या चारित्र्य पडताळणीत त्याची नोंद पुढे येते. म्हणूनच महाविद्यालयात नुकत्याच दाखल झालेल्या तरुणांना या कायद्याची माहिती वेळीच देणे, ही पालक व शिक्षणसंस्था या दोहोंची जबाबदारी आहे.