सिगारेट न ओढणाऱ्यांचं काय?

"आयुष्यात कधी सिगारेटला हात लावला नाही, मग फुफ्फुसाचा कॅन्सर झाला कसा?" उम्म अल कुवैनमधलं मराठी घर असो की परळच्या टाटा हॉस्पिटलमधली रांग, हा प्रश्न येतोच. उत्तराची गोष्ट जुनी आहे.

जुनाट दाह आणि गाठी यांचा संबंध रुडॉल्फ फिर्खो यांनी १८६३ साली मांडला होता. मोठा पुरावा मिळाला २०१७ मध्ये, 'कॅन्टोस' या हृदयविकाराच्या चाचणीत. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १०,०६१ जणांत कॅनाकिनुमॅब तपासलं जात होतं. हे औषध इंटरल्युकिन-१ बीटाला अडवतं, म्हणजे प्रतिकारपेशी ज्यातून धोक्याचा निरोप धाडतात त्या प्रथिनाला. जास्त डोस घेणाऱ्यांत फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू बरेच कमी दिसले.

मग तेच औषध कॅन्सरच्या रुग्णांना दिलं, आणि २०२१-२२ मध्ये तिन्ही मोठ्या चाचण्या फसल्या.

असं का? २०२३ मध्ये लंडनच्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने एक धागा दिला. निरोगी फुफ्फुसातही ईजीएफआर जनुक बिघडलेल्या काही पेशी गप्प बसलेल्या असू शकतात. हवेतले सूक्ष्म कण आत गेले की प्रतिकारपेशी तोच निरोप धाडतात आणि या पेशी वाढू लागतात. उंदरांत निरोप वेळीच अडवला, तेव्हा गाठी कमी झाल्या. म्हणजे ठिणगी विझवता येते. वणव्याचं गणित वेगळं असावं.

भारतात धूम्रपान न करणाऱ्या रुग्णांत ईजीएफआरचा बिघाड बऱ्याचदा सापडतो. तेव्हा "तूच काहीतरी केलं असशील" हे वाक्य आपण आता सोडून देऊया.