विरारची सीमा आणि घरातली आगगाडी

आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. इतिहासाच्या व्याख्यानात छोट्या आगगाडीचा कंट्रोलर कशाला? पण आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि वस्तू लहान असली म्हणून तिच्यातला प्रश्न लहान नसतो एवढं शिकलो. तेव्हा जरा धीर धरा.

सुरुवात आपल्या विरारपासून करू. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेला पहिली लोकल निघाली, वाफेच्या इंजिनावर. १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी आली आणि १९३६ मध्ये वीज विरारला पोचली. ती होती १५०० व्होल्ट डीसी. पुढे विरारच्या उत्तरेला, गुजरातकडे विद्युतीकरण झालं ते मात्र २५,००० व्होल्ट एसीचं. म्हणजे काय झालं, की दोन व्यवस्थांची सीमा आपल्या दारात येऊन पडली. मध्ये तारेचा एक वीज नसलेला तुकडा. गाडी आपल्या वेगाच्या जोरावर त्याखालून सरकायची आणि तेवढ्यात चालक इंजिनाची व्यवस्था बदलायचा. यासाठी सत्तरच्या दशकात दोन्ही प्रवाहांवर चालणारं ‘डब्ल्यूसीएएम-१’ हे इंजिन चित्तरंजनला तयार झालं. शेवटी फेब्रुवारी २०१२ मध्ये चर्चगेटपर्यंत एसी आला. एकदा केलेली निवड पुसायला किती काळ लागतो, बघा.

आता घरातल्या गाडीकडे येऊ. जुन्या पद्धतीत रुळांत जेवढा दाब सोडाल तेवढा वेग, आणि दिशा बदलायची तर प्रवाह उलटा करायचा. इथे शक्ती आणि आज्ञा एकच. त्यामुळे एका रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदम धावणार. एकाला थांबवायचं तर रुळाचे वेगळे भाग करा, प्रत्येकाला स्वतंत्र बटण लावा, सगळा तारांचा गुंता.

हा गुंता सोडवण्याचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेत लायोनेलने १९४६ मध्येच रेडिओ लहरींवर चालणारा संच काढला. ब्रिटनमध्ये हॉर्नबीचा ‘झीरो १’ १९७९ मध्ये आला. जर्मनीत मेर्कलिनने ऐंशीच्या दशकात आपली डिजिटल पद्धत आणली. कल्पना सगळ्यांची तीच: रुळांत वीज कायम ठेवायची आणि तिच्यातूनच सांकेतिक निरोप पाठवायचा. प्रत्येक इंजिनात डिकोडर नावाची चकती, तिला एक क्रमांक. निरोप सगळ्यांच्या दारावरून जातो, पण ज्याचं नाव घेतलं तोच उठतो. शक्ती वेगळी झाली, आज्ञा वेगळी झाली.

अडचण अशी, की प्रत्येकाची भाषा निराळी. अखेर जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या कामावर आधारलेलं प्रमाण अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९४ मध्ये स्वीकारलं. तेच डीसीसी. ते कुणा एका कंपनीच्या कुलपात नाही, हे महत्त्वाचं.

हे आम्ही ठेच लागून शिकलो. निवृत्तीनंतर वसईच्या फ्लॅटमध्ये सहा बाय चारच्या प्लायवर आम्ही एचओ मापाचे, म्हणजे १:८७ चे, रूळ मांडले. हौसेने एका परदेशी कंपनीचा संच आणला. नाव घेत नाही. त्याची भाषा फक्त त्यालाच कळायची. तीन वर्षांत कंट्रोलर गेला आणि तोवर तो मिळणंही बंद झालेलं. नातवाने विचारलं, “आजोबा, इंजिनं बिघडली का?” म्हटलं, “नाही रे, त्यांच्याशी बोलणारा कोणी उरला नाही.” वसईत ज्यांच्या घरी कादोडी किंवा वाडवळी बोलतात त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

या क्षेत्राने कायद्यालाही एक धडा दिला. बर्कलीचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट जेकबसन आणि त्यांचे सहकारी ‘जेएमआरआय’ हे संगणकावरून छोट्या गाड्या चालवण्याचं मुक्त सॉफ्टवेअर तयार करत होते. त्यातल्या फाइली श्रेय न देता दुसऱ्याच्या उत्पादनात वापरल्या गेल्या. ‘जेकबसन विरुद्ध कॅट्झर’ या खटल्यात ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने सांगितलं, की फुकट दिलेल्या कामाच्या अटीही कॉपीराइटच्या कायद्याने बांधतात. वाद खेळण्यातल्या गाडीचा, पण आधार मिळाला तो जगभरच्या मुक्त सॉफ्टवेअरला.

मग लहान मांडणीसाठी काय घ्यावं? एकच गाडी गोल फिरवायची असेल तर जुना डीसी कंट्रोलर पुष्कळ झाला. उगाच पेन्शन उधळू नका. दोन-तीन इंजिनं असतील तर डीसीसी घ्या, पण ते प्रमाणाला धरून आहे ना, ते आधी पाहा. एचओचं आजचं इंजिन चालताना बहुधा एका अँपिअरच्या आतच ओढतं, त्यामुळे दोन-तीन अँपिअरचा संच पुरतो. अमेरिकेहून मागवत असाल तर त्याचा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टला चालतो का, ते विचारा. तिथे १२० व्होल्ट असतात. हाताने फिरवायची मूठ असलेली बरी. इलेक्ट्रॉनिक्सची हौस असेल तर ‘डीसीसी-ईएक्स’ नावाची मुक्त पद्धत आहे. आर्डुइनो बोर्डवर ती घरी जुळवता येते. आणि आपल्या खाऱ्या हवेत रूळ वरचेवर पुसा. मळलेल्या रुळावरून वीजही नीट जात नाही आणि निरोपही.

आम्ही सत्तरी ओलांडली. यंत्र आमच्याआधी बंद पडेल की आम्ही त्याच्याआधी, कोण सांगणार! पण भाषा सगळ्यांची असली तर नातू दुसरा कंट्रोलर आणील आणि आमचीच इंजिनं चालवील. विरारला दोन व्यवस्था जोडायला खास इंजिन घडवावं लागलं. घरात तो खटाटोप टाळता येतो, निवड करतानाच थोडा विचार केला तर.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.