सहकारी गृहनिर्मितीचे दोन प्रवाह

मुंबई-पुण्याकडून येऊन बंगळूरच्या जे. पी. नगरात स्थायिक झालेल्या मराठी माणसास जे शब्द नव्याने शिकावे लागतात, त्यांत ‘सोसायटी’ हा एक आहे. शब्द ओळखीचाच, परंतु अर्थ निराळा. मुंबईकराने ‘आमची सोसायटी’ म्हटले की जिन्याखालचा सूचनाफलक, वार्षिक सर्वसाधारण सभा, पाण्याच्या टाकीवरून चिटणिसांशी झालेली हुज्जत, हे सारे डोळ्यांपुढे उभे राहते. बंगळूरात मात्र कोणी ‘आमची साइट सोसायटीची’ असे सांगितले, तर त्याचा अर्थ एवढाच, की घरासाठीचा जमिनीचा तुकडा एका गृहनिर्माण संस्थेकडून मिळाला. मुंबईत सोसायटी म्हणजे जेथे आपण राहतो ती. बंगळूरात सोसायटी म्हणजे जिच्याकडून घेऊन आपण मोकळे झालो ती. हा भेद केवळ बोलीचा नाही. त्यामागे शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि आपल्या घरांविषयीचे धोरण कोणी ठरवावयाचे, हा प्रश्नही त्यात गुंतलेला आहे.

दोन्ही प्रवाहांचा उगम एकाच आपत्तीत सापडतो. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, आणि १८९८ साली तो बंगळूरात पोहोचला. मुंबईत त्याच वर्षी सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्या मोडून रुंद रस्ते काढणे व नव्या जमिनी वस्तीस उपलब्ध करणे हे तिचे काम. बंगळूरात बसवनगुडी व मल्लेश्वरम् ह्या वसाहती त्याच सुमारास आकारास आल्या. म्हणजे सरकारने रस्ते आखले, भूखंडही पाडले. परंतु महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या कारकुनाने त्या भूखंडावर घर बांधावे कशाच्या बळावर? एकट्याला न पेलणारे ओझे अनेकांनी मिळून उचलावे, हे त्याचे उत्तर सरकारी कचेरीतून आलेले नाही. ते नागरिकांनी शोधले.

येथे एक गोष्ट मराठी वाचकांस काहीशी अनपेक्षित वाटेल. ह्या बाबतीत बंगळूर मुंबईच्या आधीचे आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १९०४ चा सहकारी कायदा केवळ पतसंस्थांपुरता होता. इतर प्रकारच्या संस्थांना वाट १९१२ च्या कायद्याने मिळाली. म्हैसूर संस्थानाने स्वतःचा सहकारी कायदा १९०५ साली केला, आणि १९०९ साली बंगळूरात बिल्डिंग को-ऑपरेटिव्ह सोसायटी स्थापन झाली. मुंबईची पहिली, गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था, १९१५ सालची.

तिचे जनक रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी. १९०६ साली त्यांनी आपले गुरुतुल्य स्नेही शामराव विठ्ठल कैकिणी ह्यांच्या नावाने सहकारी पतसंस्था काढली. तीच पुढे शामराव विठ्ठल सहकारी बँक म्हणून वाढली. तालमकींचा चित्रापूर सारस्वत समाज मूळचा कानडा जिल्ह्यांतला, नोकरीनिमित्त मुंबईस आलेला. आज आम्ही मराठी माणसे कर्नाटकात घर शोधीत आलो आहो, आणि मुंबईच्या मराठी माणसाला ‘सोसायटी’ दिली ती कानड्यातून घर शोधीत आलेल्यांनी, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

तालमकींपुढे नमुना होता तो इंग्लंडातील सहभागी भाडेकरूंच्या चळवळीचा. लंडनजवळच्या ईलिंग येथे १९०१ साली अशी संस्था निघाली होती. तिचे तत्त्व साधे होते. जमीन व इमारत ह्यांची मालकी संस्थेची, आणि संस्था सभासदांची. सभासद भाग विकत घेतो, आपल्या जागेबद्दल ठरलेली रक्कम संस्थेस देतो, आणि जागा सोडावयाची झाल्यास संस्थेच्या संमतीने सोडतो. तो एकाच वेळी भाडेकरूही असतो आणि घरमालकाचा एक अंशही. हा विचार पसरावा म्हणून १९१३ सालीच मुंबईत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग असोसिएशन निघाले होते. गृहनिर्माण संस्था कशी चालवावी ह्याचे नमुना-नियम त्याने तयार केले. नियम आधी नागरिकांनी लिहिले आणि विधिमंडळाचे कायदे मागून आले, हा क्रम ध्यानात घेतला पाहिजे.

हीच गोष्ट पुढेही घडत गेली. महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा १९६० चा. त्याखालील १९६१ च्या नियमांत ‘भाडेकरू-मालकी’ व ‘भाडेकरू-सहभागीदारी’ असे गृहनिर्माण संस्थांचे प्रकार स्वतंत्रपणे नोंदले आहेत. त्याच सुमारास सदनिका बांधून विकण्याचा धंदा फोफावला आणि ग्राहकांच्या तक्रारी शासनाच्या कानी जाऊ लागल्या. १९६० साली शासनाने त्यासाठी समिती नेमली व त्यातून १९६३ चा मालकी सदनिका कायदा निघाला. संस्था नोंदली गेल्यावर ठराविक मुदतीत जमिनीसह मालकी तिच्या नावे करून देण्याचे बंधन विकासकांवर आले. बंधन पुष्कळांनी पाळले नाही. वर्षानुवर्षे लोक आपल्या घरात राहत होते आणि पायाखालची जमीन मात्र दुसऱ्याच्या नावावर होती. अखेर २००८ च्या दुरुस्तीने ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद झाली, म्हणजे विकासक येवो न येवो, सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने मालकी संस्थेकडे यावी. शासनाला जाग आली, कारण तक्रार करणारा एकटा घरधारक नव्हता. त्याच्यामागे सभा भरविणारी, ठराव करणारी आणि दप्तर सांभाळणारी संस्था होती.

आता बंगळूरकडे वळू. येथील प्रवाहाने निराळे वळण घेतले. नगर सुधारणा न्यास मंडळ १९४५ साली आले. त्यानंतरच्या काळात हिंदुस्थान मशीन टूल्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स असे सरकारी कारखाने शहराभोवती उभे राहिले. त्यांच्या व बँका-कचेऱ्यांच्या नोकरवर्गाने आपापल्या गृहनिर्माण संस्था काढल्या. संस्थेने शेतजमीन मिळवावयाची, रस्ते-गटारे आखून साइटा पाडावयाच्या आणि सभासदांस वाटावयाच्या. खरेदीखत झाले की सभासद स्वतंत्र मालक झाला. संस्थेकडे राहिली ती प्रतीक्षायादी, आणि पुढे पुढे तीही नाही. १९७६ साली बंगळूर विकास प्राधिकरण आले. शहर वाढले, आणि शेतजमीन व साइट ह्यांच्या किमतींतील अंतर इतके रुंदावले की त्यात मध्यस्थांना शिरण्यास भरपूर जागा झाली.

ह्याचा परिणाम सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या एका निकालात दिसतो. हा खटला जे. पी. नगरातील नव्हे, परंतु अशा साऱ्याच वसाहतींना लागू पडणारा आहे. १९८४ च्या दुरुस्तीने सहकारी गृहयोजनेसाठी भूसंपादन करणे हे ‘सार्वजनिक प्रयोजन’ ठरले होते. अट एवढीच, की योजनेस शासनाची पूर्वमान्यता हवी. एच. एम. टी. कर्मचाऱ्यांच्या गृहनिर्माण संस्थेसाठी झालेले संपादन कर्नाटक उच्च न्यायालयाने १९९१ साली रद्द केले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने कायम केले. योजनेस रीतसर पूर्वमान्यता नव्हती, आणि संपादन घडवून आणण्यासाठी संस्थेने मध्यस्थाशी मोठ्या रकमेचा करार केला होता. जमीन शेतकऱ्यांना परत देण्याचा आदेश झाला. ज्या नोकरदारांनी पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरले त्यांचे काय, आणि ज्यांची जमीन जाणार होती त्यांचे काय? दोघांच्याही नावाने व्यवहार चालला होता, आणि दोघांपैकी कोणाच्याही हाती तो नव्हता.

जे. पी. नगर म्हणजे सारक्की, मारेनहळ्ळी, पुट्टेनहळ्ळी अशा गावांच्या शिवारांवर टप्प्याटप्प्याने पसरलेली वस्ती. पत्त्यात रस्त्याआधी ‘फेज’चा आकडा सांगावा लागतो. काही भाग सरकारी आखणीचा, काही खाजगी, काही संस्थांच्या लेआउटांचा. सातव्या फेजमधील ‘आर. बी. आय. लेआउट’ हे नावच आपली कुळकथा सांगते. घरे नीटस आहेत, झाडेही पुष्कळ. परंतु गावांची जी तळी ह्या वस्तीच्या मध्ये राहून गेली ती कोणाची? साइटा ज्याच्या त्याच्या झाल्या, पण तळ्याला मालक उरला नाही. सुमारे ८२ एकरांच्या सारक्की तळ्याच्या जमिनीवर घरे चढली, आणि एप्रिल २०१५ मध्ये जिल्हा प्रशासनाने ती पाडली. हाती कागदपत्रे घेतलेली कुटुंबे रस्त्यावर उभी राहिली. त्यांना जमीन विकणारे तेव्हा तेथे नव्हते. तळे वाचविणे आवश्यक होते ह्यात शंका नाही. पण ते काम घरे उभी राहण्यापूर्वी व्हावयास हवे होते.

पुट्टेनहळ्ळीचे लहानसे तळे असेच मरणपंथास लागले होते. त्याच्या काठच्या रहिवाशांनी २०१० साली न्यास स्थापन केला आणि २०११ साली महानगरपालिकेशी करार करून देखभाल अंगावर घेतली. तळ्यात पाणी व काठी पक्षी पुन्हा आले. ह्या रहिवाशांना कोणी साइट देणार नव्हते. घर मिळाल्यावर जो सहकार संपतो असे वाटत होते, तो येथे घर मिळाल्यावर सुरू झाला.

ह्या तुलनेवरून मुंबईची पद्धत निर्दोष होती असे मात्र कोणी समजू नये. मुंबईच्या पहिल्या संस्थेच्या नावातच जात आहे. एकत्र मालकी म्हटली की ‘आपल्यातला कोण’ हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा जातीने, धर्माने, आहाराने दिले गेले. अहमदाबादच्या झोरास्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व एका समाजापुरते राखणारा उपविधी वैध ठरविला. साइटांच्या बंगळूरात निदान ही अडचण कमी होती. पैसे असतील त्याला घर मिळाले, मग तो तमिळ असो, उत्तरेकडचा असो, की आमच्यासारखा मराठी. मुंबईच्या सोसायटीत सामुदायिक जीवन होते पण दार अरुंद. बंगळूरच्या लेआउटात दार रुंद होते, आत मात्र सामुदायिक असे थोडेच. दोन्हींतले चांगले एकत्र कसे आणावयाचे, हे कोणताही कायदा परस्पर करून देणार नाही.

जे. पी. नगर हे ज्या जयप्रकाश नारायणांचे नाव मिरविते, त्यांना हाच प्रश्न आयुष्यभर छळीत होता. १९३२-३३ साली ते नाशिकच्या तुरुंगात होते. अच्युतराव पटवर्धन, ना. ग. गोरे प्रभृतींच्या सहवासात तेथे ज्या चर्चा झाल्या त्यांतून पुढे १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष निघाला. १९५९ साली त्यांनी भारतीय राज्यव्यवस्थेच्या पुनर्रचनेविषयी जो प्रबंध मांडला, त्यात सत्ता वरून खाली झिरपण्याऐवजी लहान लहान स्थानिक समुदायांतून वर चढावी, असे प्रतिपादन आहे. त्यांच्या नावाच्या वस्तीत वॉर्डाच्या सभेला मूठभर माणसे यावीत, ही गोष्ट मनाला लागते.

आणि येथे आम्ही दुसऱ्यांकडे बोट दाखवू शकत नाही. आम्हीही घराची किल्ली हातात पडल्यावर सभांना जाण्याचे सोडले. सबब तयार होती: कामकाज कानडीत चालते. वस्तुतः भाषा येत नव्हती ती आम्ही शिकलो नाही म्हणून. आता जे. पी. नगरात जुनी घरे पाडून सदनिकांच्या इमारती उठत आहेत, म्हणजे एका साइटीवर पुन्हा अनेकांची सामायिक मालकी येत आहे. कर्नाटकात सदनिकांसंबंधी १९७२ चे दोन कायदे आहेत. रहिवाशांची संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदवावी, जमिनीतील वाटा कोणाच्या नावे असावा, ह्यांवरून वाद वारंवार न्यायालयात गेले आहेत. तालमकींच्या काळी होती तशी मोकळी जागा पुन्हा निर्माण झाली आहे, आणि तीत कोणी तरी नियम लिहिणारच. तो रहिवाशांनी लिहावा की विकासकाने, हे पुढच्या सर्वसाधारण सभेला आपण जातो की नाही ह्यावर पुष्कळ अंशी अवलंबून राहील. जाताना कानडीतली चार वाक्ये तरी तयार करून जावीत, असे आम्ही आपल्या मराठी बांधवांस सुचवितो. आम्ही स्वतः तेवढ्यावरच सुरुवात केली आहे.