सँड ब्लास्टिंगमध्ये 'सँड'च का नको?

अकोल्याच्या डाळ मिल असोत की अमरावतीकडचे जिनिंग कारखाने, हंगाम संपला की यंत्रं उघडली जातात. पुली, शाफ्ट, जाळ्या, मोटरीची कव्हरं, सगळ्यावर गंज, जुना रंग आणि काळं ग्रीस. तारेच्या ब्रशने घासायचं तर दिवस जातो. म्हणून हे भाग ब्लास्टिंगला देतात. दाबाच्या हवेतून बारीक कण जोरात मारले की गंज उडतो आणि खालचा धातू उघडा पडतो. अमेरिकेच्या बेंजामिन टिलघमन यांनी 1870 साली याचं पेटंट घेतलं तेव्हा मारा वाळूचा होता. म्हणून नाव सँड ब्लास्टिंग. आजही लोक तेच म्हणतात.

पण वाळू यासाठी सगळ्यात वाईट माल आहे. वाळूत मुख्यतः सिलिका असते. लोखंडावर आपटून कण फुटला की डोळ्यांना न दिसणारी धूळ होते आणि ती थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते. तिथे चट्टे पडून होणारा आजार म्हणजे सिलिकोसिस. तो बरा होत नाही, काम सोडल्यावरही वाढत राहू शकतो आणि टीबीचा धोकाही वाढवतो. तोंडाला दुपट्टा बांधून ही धूळ अडत नाही. ब्रिटनने 1949 सालीच नियम करून ओतकामाच्या वस्तूंवर वाळू मारणं बंद केलं. आपल्या 1948 च्या कारखाना कायद्यातही सिलिकोसिस हा सरकारला कळवावा लागणारा रोग होता. एवढं असूनही वाळू वापरली जाते, कारण ती स्वस्त मिळते. खरं तर ती एकदा मारली की चुरा होते. स्टीलचे दाणे मात्र गोळा करून शेकडो वेळा वापरता येतात.

मग मारायचं काय? आधी भाग कशाचा आहे ते बघायचं. बिडाच्या किंवा जाड लोखंडी भागाला स्टील ग्रिट. उघड्यावरच्या मोठ्या कामाला गार्नेट. हा माल भारतातच समुद्रकिनाऱ्याच्या वाळूतून वेगळा काढतात. ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टीलला स्टीलचे दाणे लावायचे नाहीत, त्यांचे कण पृष्ठभागात रुततात आणि नंतर तिथेच गंजाचे डाग उठतात. त्यांना काचेचे मणी बरे. बाजारात यांना ग्लास बीड म्हणतात, आपल्या बिडाशी त्यांचं काही नातं नाही! मणी गोल असल्याने धातू खरवडला न जाता उजळतो. गंज फार चिवट असेल तर ॲल्युमिनियम ऑक्साइड. हिऱ्याला कठीणपणाचे 10 गुण धरले तर याला 9. मोटारसायकलच्या टाकीसारख्या पातळ पत्र्याला खायचा सोडा, नाहीतर पत्रा वाकतो.

इंजिनच्या भागांत जास्त जपावं लागतं. तेलाच्या एखाद्या बारीक वाटेत काचेचा एक मणी अडकला तरी बेअरिंग जाऊ शकतं. तिथेही सोडा सोयीचा, तो पाण्यात विरघळतो. भाग कोणताही असो, मारा करण्याआधी ग्रीस धुऊन काढायचं, नाहीतर सगळा माल तेलकट होतो.

घरी करून बघणाऱ्यांची फसगत कॉम्प्रेसरपाशी होते. सहा मिलिमीटरच्या नोझलला 100 पीएसआय दाबावर मिनिटाला साधारण 80 घनफूट हवा लागते. पंक्चरच्या दुकानातला दोन-तीन एचपीचा कॉम्प्रेसर दहा-बारा घनफुटांच्या आसपास हवा देतो. लहान नोझल आणि बंद कॅबिनेट असेल तरच त्यावर काम होतं. उघड्यावर मारा करायचा असेल तर बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारं हेल्मेट हवंच. माल सिलिकामुक्त असला तरी धूळ गंजाची आणि जुन्या रंगाची असते, आणि त्या रंगात शिसंही असू शकतं.

वऱ्हाडात आणखी एक अडचण पाण्याची. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात भूजल खारट आहे. सोडा मारलेला किंवा ओल्या ब्लास्टिंगचा भाग त्या बोअरच्या पाण्याने धुतला, तर मीठ धातूवर राहतं आणि गंज लगेच परततो. शेवटचं धुणं गोड्या पाण्याने करून भाग हवेने कोरडा करायचा. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने दाणे गोळा होऊन नोझल तुंबते, म्हणून कॉम्प्रेसरनंतर ओलावा गाळणारा फिल्टर लावतात. आणि साफ केलेलं लोखंड रात्रभर तसंच ठेवायचं नाही, त्याच दिवशी काही तासांत प्रायमर मारायचा.